अँथनी ट्रॉलप : दप्तर आणि दिवास्वप्न

१८८२ च्या डिसेंबरात अँथनी ट्रॉलप निवर्तला आणि पुढल्याच वर्षी त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पहाटे साडेपाचला मेजाशी बसून, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला अडीचशे शब्द ह्या प्रमाणाने आपण लिहीत गेलो आणि त्यातून जवळजवळ ७०,००० पौंडांची प्राप्ती झाली, हा हिशेब त्याने त्यात शिलिंग-पेन्सांसह मांडला होता. प्रतिभा म्हणजे वेळी-अवेळी अंगात येणारा संचार, असे मानणाऱ्यांनी एवढ्यावरून ४७ कादंबऱ्यांच्या कर्त्याला टपालखात्यातला कारकून ठरवून टाकले. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो; कारण ज्या दप्तरी शिस्तीला त्याच्या कलेचे वैगुण्य समजले गेले, तिच्यातच त्या कलेचे एक मूळ आहे.

दुसरे मूळ त्याहून खोल, बालपणाच्या दैन्यात आहे. त्याचे वडील विद्वान बॅरिस्टर. परंतु तापट स्वभावामुळे अशिले दुरावली, हॅरोजवळची शेती बुडाली, आणि १८३४ मध्ये सावकारांचा तगादा चुकविण्यासाठी कुटुंबाला बेल्जममधील ब्रूज गाठावे लागले. तेथे क्षयाने खंगणारा मुलगा आणि आजारी पती ह्यांची शुश्रूषा करता करता आई फ्रान्सिस कादंबऱ्या लिहून संसार चालवीत होती. त्याआधी हॅरोच्या श्रीमंत मुलांच्या शाळेत, चिखलाच्या वाटेने पायी येणाऱ्या अँथनीला कोणी खेळात घेत नसे. मग तो मनातच कथा रचू लागला. एकच कथा तो महिनोन्‌महिने पुढे नेई, आणि तिच्यात अशक्य असे काही घडू द्यायचे नाही हा निर्बंध त्याने स्वतःवर घालून घेतला होता. एकाकी मुलाच्या स्वप्नरंजनाला संभाव्यतेचा हा कायदा असावा, ही गोष्ट मला त्याच्या साऱ्या चरित्रात सर्वांत महत्त्वाची वाटते.

१८३४ मध्येच तो लंडनच्या टपालखात्यात सालीना ९० पौंडांवर रुजू झाला. तेथील कर्जबाजारी तारुण्य ‘द थ्री क्लार्क्स’ ह्या कादंबरीत सरळ उतरले आहे, पण असे साम्य कोणालाही दिसते आणि त्याने फारसे काही उलगडत नाही. खरा पालट झाला तो १८४१ मध्ये आयर्लंडला बदली झाल्यावर. तक्रारींची चौकशी करावी, खेडोपाडी घोड्यावरून फिरून टपालाच्या वाटा आखाव्या, पाद्र्याच्या आणि शेतकऱ्याच्या दारी जाऊन पत्रे कधी येतात हे विचारावे, असे ते काम होते. आणि १८५१ पासून तेच काम त्याने इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात केले. ह्याच दौऱ्यात सॅलिस्बरीच्या कॅथेड्रलच्या आवारात हिंडताना त्याला ‘द वॉर्डन’ ही कादंबरी सुचली.

लेखक स्वतः जगलेलेच लिहितो, हा जीवन आणि साहित्य ह्यांच्या संबंधाविषयीचा रूढ समज येथे अपुरा पडतो. ज्या धर्माधिकाऱ्यांच्या चित्रणासाठी तो ख्यातनाम झाला, त्यांच्या जगात तो कधी राहिलाच नव्हता. ‘द वॉर्डन’मधील आर्चडीकन ग्रँटलीचे पात्र रंगविले तेव्हा अशा एकाही अधिकाऱ्याशी आपली ओळख नव्हती, असे तो स्वतःच सांगतो. अनुभवाचा ऐवज नव्हता, पण अनुभव घेण्याची रीत अंगी मुरली होती. चौकशी करणाऱ्या अंमलदाराने फिर्यादी आणि प्रतिवादी दोघांचेही ऐकून घ्यावयाचे असते. ‘द वॉर्डन’मध्ये बारा वृद्धांच्या आश्रमाचा पालक म्हणून ८०० पौंड घेणारा हार्डिंग निष्पाप आहे, आणि ह्या वेतनावर बोट ठेवणारा सुधारकही खोटा नाही; लेखक कोणालाच दोषी ठरवून मोकळा होत नाही.

वडिलांविषयी मात्र ही समदृष्टी त्याला सहज लाभली नसावी. सकाळी दाढी करताना ते मुलाला शेजारी उभा करून लॅटिन व्याकरणाचे नियम किंवा ग्रीक मुळाक्षरे विचारीत, आणि चूक होताच वस्तरा खाली न ठेवता त्याचे केस ओढीत. अखेरच्या वर्षांत खोलीत कोंडून घेऊन रचलेला त्यांचा धर्मविषयक ज्ञानकोश अपुराच राहिला. १८६७ च्या ‘द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट’मधील दरिद्री, मानी, ग्रीक-हिब्रूत पारंगत पाद्री क्रॉली वाचताना मला तीच आकृती दिसते. वीस पौंडांच्या चेकच्या चोरीचा आळ त्याच्यावर येतो. चेक कोठून मिळाला हे त्याला आठवत नाही, आणि आपल्याच बुद्धीवरचा विश्वास उडून तो निकालापूर्वीच धर्मपदाचा राजीनामा देतो. वस्तुतः मित्राने दिलेल्या मदतीच्या पाकिटात मित्राच्या पत्नीने तो चेक नवऱ्याला न सांगता घातलेला असतो. क्रॉलीचा अहंकार, घरच्यांना होणारा त्याचा जाच, आपल्या दुःखाला कुरवाळण्याची त्याची खोड, ह्यांतले काहीही ट्रॉलप झाकत नाही. परंतु वीटभट्टीवरचे मजूर ह्याच माणसावर विश्वास ठेवतात, मुलीला तो प्रेमाने ग्रीक शिकवितो, आणि बिशपच्या वाड्यात बिशपची सत्ताधारी पत्नी मिसेस प्राउडी हिला तो ज्या शब्दांत गप्प करतो त्यांपुढे तिच्या अधिकाराचे काही चालत नाही. प्रत्यक्षात ज्या माणसाच्या वाट्याला कर्ज, परागंदा होणे आणि परक्या मातीतला मृत्यू आला, त्याच्यासारख्याच एका माणसाची फेरचौकशी मुलाने त्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी अशी केली.