कोंबडीचे पैसे

फिलिपीन्समधल्या लुझॉन बेटावर आरायात नावाचा एक डोंगर सपाट मुलखात एकटाच उभा आहे. त्याच्या आसपास भातखाचरं, आणि खाचरं संपली की कांडाबाची मोठी दलदल. तिथल्या एका गावात एक कूळ राहत होतं. नवरा-बायको, दोन मुलगे, एक रेडा आणि दहाबारा कोंबड्या. गाव त्या माणसाला तातांग म्हणे, म्हणजे बाबा.

जमीन तातांगची नव्हती. पीक अर्धेलीनं होतं. अर्धं मालकाच्या कोठारात आणि अर्धं कुळाच्या कणगीत, असा रिवाज. पण पेरणीच्या आधीच कणगीचा तळ दिसायचा. मग मालकाकडूनच भात उसनं आणायचं. एक पोतं आणलं, तर सुगीला दोन फेडायची. मळणी झाली की कारभारी वही घेऊन खळ्यावर बसायचा. आधी अर्धेली वजा व्हायची, मग दामदुप्पट, मग बियाणं. ढीग डोळ्यांदेखत बसत जायचा. शेवटी तातांगची बायको खळं झाडून, मातीसकट दाणे सुपात भरून घरी आणायची.

मग जपानी आले. मालक कुटुंबासह मनिलाला निघून गेला. 29 मार्च 1942 रोजी त्या भागातल्या शेतकऱ्यांनी जपान्यांशी लढायला आपली सेना उभी केली. लोक तिला हुक म्हणू लागले. तातांगचा थोरला मुलगा हुकांत गेला. हुक रात्री दलदलीतून यायचे, जपान्यांपासून पीक राखायचे, मूठभर भात मागून घ्यायचे आणि पहाटेआधी निघून जायचे. ती वर्षं भीतीची होती, पण खळ्यावर वही नव्हती.

युद्ध संपलं. मालक परत आला, वही घेऊनच. युद्धाच्या सगळ्या वर्षांचा खंड थकला आहे, तो फेडा, असं त्यानं सांगितलं.

थोरला मुलगा म्हणाला, "बाबा, आता आपलं राज्य येतंय. मत देऊ, आपली माणसं मनिलाला पाठवू."

1946 साली गावानं मत दिलं. हुकांचा म्होरक्या लुईस तारुक निवडून आला, त्याच्या बाजूचे आणखी पाच जण आले. पण संसदेनं त्या सहाही जणांना आत बसू दिलं नाही. निवडणुकीत दहशत झाली, असं कारण दाखवलं. खरी गोष्ट अशी होती, की अमेरिकेला सवलती देणारी घटनादुरुस्ती मंजूर करायची होती आणि हे सहा जण आड आले असते. मुलगा मुकाट्यानं उठला, माळ्यावरची बंदूक काढली आणि पुन्हा दलदलीत गेला.

त्यानंतर गावात शिपाई येऊ लागले. त्यांच्याबरोबर मालकांचे पगारी पहारेकरी असत. शिपायांना पगार थोडा, शिधा त्याहून थोडा. ते घरांत शिरत, हुक कुठे आहेत असं दरडावत आणि निघताना कोंबड्या उचलत. तातांगची बायको शिपाई दिसले की कोंबड्या डालग्याखाली घालायची आणि वर ओलं गोणपाट टाकायची. आत अंधार झाला की कोंबड्या गप्प बसतात. एकदा एक कोंबडी ओरडली. शिपायानं ती घेतली, आणि खोटं बोलला म्हणून तातांगला बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. त्याच आठवड्यात गावातली तीन पोरं दलदलीत गेली.

सरकारनं मार्च 1948 मध्ये हुकांवर बंदी घातली. गावं जाळली गेली, माणसं नाहीशी झाली. 1949 च्या निवडणुकीत इतकी लबाडी झाली, की काही भागांत पाखरांनी आणि मधमाश्यांनीही मतं टाकली, असं लोक म्हणत. हुकही पूर्वीचे राहिले नव्हते. ते आता मागत नसत, वसूल करत. फितुरीच्या नुसत्या संशयावर माणूस मारत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिवंगत अध्यक्ष केसोन यांच्या विधवा पत्नीच्या मोटारींवर रानात गोळीबार झाला. त्या, त्यांची मुलगी आणि बरोबरची माणसं मेली. आळ हुकांवर आला. तातांगची बायको त्या रात्री जेवली नाही. "त्या बाईनं कुणाचं काय वाकडं केलं होतं?" एवढंच ती म्हणाली. तरीही शिपायांना कुणी काही सांगितलं नाही.

1 सप्टेंबर 1950 रोजी देशाला नवा संरक्षणमंत्री मिळाला. रामोन मॅगसेसे त्याचं नाव. कधीकाळी तो एका बस कंपनीत मेकॅनिक होता आणि युद्धात स्वतः रानात राहून जपान्यांशी लढला होता. रानातल्या माणसाला भात कोण देतं आणि का देतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. तो न कळवता छावण्यांत जाऊन उभा राहायचा. झोपलेला अधिकारी तिथल्या तिथे घरी पाठवायचा, लढणाऱ्याला बढती द्यायचा. आणि त्यानं शिपायांचा भत्ता वाढवला. पदरचे पैसे टाकून जेवण घेता येईल, इतका.

एका दुपारी गावात तुकडी आली. तातांगच्या बायकोनं सवयीनं गोणपाट टाकलं. एक तरुण शिपाई शिडीपाशी थांबला, वर चढला नाही.

"आजी, एक कोंबडी विकत द्याल का?"

तिनं उत्तर दिलं नाही. शिपाई तसाच उभा राहिला. शेवटी तातांगनं डालगं उचललं आणि एक कोंबडी त्याच्या हातात दिली. शिपायानं शिडीच्या खालच्या पायरीवर पैसे ठेवले, वर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून खडा ठेवला आणि गेला.

संध्याकाळपर्यंत त्या पैशांना कुणी हात लावला नाही. यात काहीतरी डाव असणार, असं तातांगला वाटत होतं. शेजारी येऊन बघून गेले. अंधार पडल्यावर बायकोनं ते उचलले, दिव्याजवळ नेऊन उलटेपालटे करून पाहिले आणि पदरात बांधले.

काही दिवसांनी मालकाच्या पहारेकऱ्यांनी थकबाकीपोटी तातांगचा रेडा सोडून नेला. शाळामास्तर म्हणाला, आता मंत्र्याला तार करता येते, नाममात्र पैशांत, कुणालाही. तातांग हसला. पण रेडा गेला म्हणजे पुढची पेरणी गेली. पदरातले कोंबडीचे पैसे काढून त्यानं मास्तरकडून तार लिहून घेतली.

लष्कराचा माणूस खरंच आला. त्याच्यामागून एक वकीलही आला, सैन्याच्याच गणवेशातला. मॅगसेसेनं लष्करातले वकील कुळांच्या बाजूनं कोर्टात उभे करायला सुरुवात केली होती. तातांग आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढला. कारभाऱ्याची वही न्यायाधीशासमोर उघडली गेली आणि वकिलानं एकेक आकडा मोठ्यानं वाचला. आपल्या नावावर काय काय लिहिलं आहे, हे तातांगला त्या दिवशी कळलं. रेडा परत मिळाला.

सगळं काम गोडीगुलाबीनंच चाललं होतं, असं मात्र नाही. हजार-हजार माणसांच्या नव्या पलटणी दलदलीत उतरल्या होत्या. त्या छोट्या टोळ्या करून रात्री वाटा अडवून बसत. म्होरक्यांच्या डोक्यांवर बक्षिसं होती. शिपाई कधी हुकांचा वेश करून त्यांच्यातच शिरत. अमेरिकेची शस्त्रं, पैसा आणि सल्लागार पाठीशी होते, आणि त्या सल्लागारांच्या काही युक्त्या ऐकून आजही शिसारी येते. ऑक्टोबर 1950 मध्ये मनिलात छापे पडून हुकांमागच्या कम्युनिस्ट पक्षाचे शहरातले बहुतेक पुढारी एका झटक्यात पकडले गेले. दलदलीत उपासमार सुरू झाली. ज्या घरांतून पूर्वी न मागता भात मिळायचा, तिथली शिडी आता रात्री वर ओढून घेतलेली असे.

एकदा तुकडीचा कप्तान तातांगकडे आला. मुलगा कुठे आहे, हे त्यानं विचारलं नाही. तो म्हणाला, "काका, त्याला परत यायचं असेल तर वाट मोकळी आहे. कोर्टात तुम्ही पाहिलंच आहे."

तातांग स्वतः होडी घेऊन दलदलीत गेला. मुलगा वाळला होता, पायांना जळवांचे व्रण होते.

"तुझं भांडण कशावरून होतं?" बापानं विचारलं.

"मतावरून," मुलगा म्हणाला. "आणि वहीवरून."

"नोव्हेंबरात निवडणूक आहे."

"वरून हुकूम आहे, बहिष्काराचा. ही निवडणूकही चोरीचीच असणार."

"मी मत देणार आहे. मग बघू."

नोव्हेंबर 1951 मध्ये मतदान केंद्रांवर सैन्याचा पहारा होता. सत्ता असलेल्या पक्षाची माणसं पेट्यांजवळ फिरकू शकली नाहीत. निकाल लागला तेव्हा सरकारी पक्ष हरला होता आणि विरोधक जिंकले होते. मॅगसेसे स्वतः सरकारातला मंत्री होता, तरीही हे घडलं. हुकांचा सर्वांत मोठा पराभव कुठे झाला असं विचारलं, तर मी या मतपेट्यांकडे बोट दाखवीन.

दोन महिन्यांनी मुलगा बंदूक डोक्यावर आडवी धरून दलदलीतून बाहेर आला.

त्याला दक्षिणेकडे मिंडानाओ बेटावर पाठवलं गेलं. तिथे लष्करानं रान तोडून वसाहती केल्या होत्या. शरण आलेल्याला घर, अवजारं, रेडा आणि जमिनीचा तुकडा मिळे. किंमत हप्त्यांनी फेडायची. अशा वसाहतींत सगळी मिळून हजार कुटुंबंही नव्हती, आणि माजी हुक तर त्यांतले थोडेच. पण बातमी दलदलीत पोचली, ती हजारांच्या हिशेबानं पोचली नाही. अमक्याच्या पोराला जमीन मिळाली, अशी पोचली.

1953 साली मॅगसेसे प्रचंड मतांनी अध्यक्ष झाला. 17 मे 1954 रोजी खुद्द तारुक शरण आला. बंड मोडलं.

खळ्यावर मात्र कारभारी बसतच होता. 1954 च्या कायद्यानं कुळाचा वाटा वाढवला खरा, पण गावात त्याची अंमलबजावणी करायला कुणी आलं नाही. 1955 च्या कायद्यानं मालकांच्या जमिनी घ्यायचं ठरवलं. मसुदा संसदेत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्यात एक अट घातलेली होती : एका मालकाची सलग 300 हेक्टरांपर्यंतची भातजमीन घ्यायची नाही. तातांगच्या मालकाची तेवढी नव्हतीच. मास्तरनं कायदा वाचून दाखवला, तेव्हा तातांगनं तो पुन्हा एकदा वाचायला सांगितला.

17 मार्च 1957 रोजी मॅगसेसेचं विमान सेबू बेटावरच्या डोंगरात कोसळलं. तातांग त्या दिवशी खाचरात गेला नाही. नंतर तारा करायचं लोकांनी सोडून दिलं.

मिंडानाओहून मुलाची पत्रं येत. पीक बरं होतं. पण त्या मुलखात पूर्वीपासून राहणारे मोरो मुसलमान या नव्या वस्त्यांकडे कशा नजरेनं बघतात, हेही तो लिहायचा. उत्तरेतून लोकांचे लोंढे येतच राहिले, आणि 1970 च्या दशकात तिथे वेगळंच बंड पेटलं.

29 मार्च 1969 रोजी शेजारच्या तार्लाक प्रांतात कम्युनिस्टांची नवी सेना उभी राहिली. तारीखही जुन्या हुकांचीच निवडली होती. धाकट्या मुलाचा पोरगा एका रात्री घरातून निघाला. म्हाताऱ्या तातांगनं त्याला अडवलं.

"तुझ्या काकानं हे सगळं करून पाहिलंय."

"काकाला जमीन मिळाली, आजोबा," पोरगा म्हणाला. "तुम्हाला?"

बंडखोराला रानातून बाहेर काढणं हे एक काम आहे, आणि त्याला रानात धाडणारं कारण गावातून काढणं हे दुसरं. शिस्तीची फौज, खरी मोजलेली मतं आणि ऐकून घेणारा मंत्री मिळाल्यावर पहिलं काम चार वर्षांत झालं. दुसरं संसदेत अडलं, कारण तिथल्या अनेक खुर्च्यांवर कोठारांचे मालकच बसले होते. तार्लाकमध्ये उभी राहिलेली ती सेना पुढे पन्नासहून अधिक वर्षं फिलिपीन्सच्या डोंगरांत लढत राहिली.

मिंडानाओत वसाहती उठत होत्या, त्याच वर्षी, एप्रिल 1951 मध्ये, एक मराठी माणूस, विनोबा भावे, तेलंगणात पायी फिरत होता. तिथेही कम्युनिस्टांचं सशस्त्र बंड चालू होतं आणि तिथेही भांडण जमिनीचंच होतं. पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी विनोबांकडे 80 एकर मागितली. गावातले जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी उभं राहून 100 एकर देऊ केली. 1958 साली मॅगसेसेंच्या नावाचा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा मानकऱ्यांत विनोबा होते. त्यांना लाखो एकरांची दानपत्रं मिळाली. त्यातली पुष्कळ जमीन कधी वाटलीच गेली नाही, आणि वाटली गेली तिच्यातही बराच खडकाळ माळ होता.