कर्ण्याचा जीर्णोद्धार

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार झाला कीं एक प्रश्न हटकून विचारला जातो. तुळया बदलल्या, फरशी बदलली, शिखर नव्यानें बांधलें. मग हें देऊळ तेंच कीं दुसरें? श्रद्धाळु मनुष्य सहज उत्तर देतो कीं, आंतला देव तोच आहे, म्हणून देऊळहि तेंच. परंतु ज्या वस्तूंत देव नाहीं तिच्या जीर्णोद्धाराविषयीं काय म्हणावें? हा प्रश्न आम्हांपुढें गेल्या वर्षीं एका जुन्या ध्वनिवर्धकानें उभा केला, व तो दिसतो तितका क्षुल्लक नाहीं असें आम्हांस वाटतें.

चंदगड तालुका म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचें दक्षिणेकडील टोंक. एका अंगास बेळगांव, दुसऱ्या अंगास सिंधुदुर्ग व गोवा, आणि पावसाळ्यांत आभाळ जणुं घराच्या कौलांवरच टेकलेलें. तेथील आमच्या एका आप्तांच्या माळ्यावर व्हॉल्व्हवर चालणारा ३० वॅटचा ध्वनिवर्धक व त्याचे दोन ॲल्युमिनियमचे कर्णे कित्येक वर्षें पडून होते. एके काळीं पंचक्रोशींतील लग्नें, जत्रा व सभा यांस तो भाड्यानें जात असे. दमट हवेनें त्याच्या पेटीस गंज चढला होता. आप्तांची इच्छा अशी कीं, मुलीच्या लग्नांत तो पुन्हां एकदां वाजावा.

दुरुस्तीचें काम एका वृद्ध कारागिरानें पत्करिलें. त्यानें प्रथम सांगितलें तें हें कीं, दीर्घकाळ निजलेल्या यंत्रास विजेचा पूर्ण दाब एकदम देऊं नये. आंतील कंडेन्सर निकामी झालेले असतात, व त्यांच्या पायीं ट्रान्सफॉर्मरहि जळून जातो. म्हणून त्यानें वाटेंत एक साधा दिवा जोडून मग वीज सोडली. दिवा लख्ख पेटून तसाच राहिला तर आंत दोष आहे असें समजावयाचें. तो तसाच पेटून राहिला. वीज बंद केल्यावरहि कंडेन्सरांत शेंकडों व्होल्टांचा दाब राहूं शकतो. तो उतरविल्यावांचून कारागीर आंत बोट घालीत नसे.

नवे कंडेन्सर जुन्यांहून पुष्कळ लहान. ते जुन्या नळकांड्यांच्या पोटांत बसवावे, म्हणजे यंत्र पूर्वीसारखें दिसेल, असें आप्तांनीं सुचविलें. ही लबाडी नव्हे काय, असें आम्हीं विचारतांच कारागीर हंसला. त्यानें नवे भाग नळकांड्यांत बसविले खरे, पण काय बदललें व कोणत्या दिवशीं, हें कागदावर लिहून तो कागद पेटीच्या आंत चिकटविला. डोळ्यांच्या समाधानासाठीं झांकलेली गोष्ट पुढच्या दुरुस्ती करणारापासून झांकूं नये, एवढाच त्याचा नियम. आम्हांस तो पुरेसा वाटला. देहाचा प्रश्न अशा रीतीनें सुटला, देवाचा राहिला.

१९१५ सालीं कॅलिफोर्नियांत पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनीं हलत्या वेटोळ्याच्या ध्वनियंत्रास कर्णा जोडून मोठ्या जमावास ऐकूं जाईल असा आवाज काढला. तोंपर्यंत सभेंत वक्त्याची पोंच त्याच्या छातीच्या बळाइतकीच असे. आपल्याकडे मुंबईच्या मोटवाने यांच्या शिकागो रेडिओनें काँग्रेसच्या सभांस हीं यंत्रें पुरविलीं, आणि गांधीजींसारख्यांचा मंद स्वर शेवटच्या रांगेंतील शेतकऱ्यापर्यंत जाऊं लागला. ज्याला ओरडतां येत नाहीं त्यालाहि बोलतां यावें, हा या यंत्राचा गुण. त्यांत देव शोधावयाचा तर येथेंच शोधावा लागेल.

परंतु येथें आमचें मन आम्हांस स्वस्थ बसूं देईना. आमच्या लहानपणीं घरच्याच एका लग्नांत असाच कर्णा आंब्यावर बांधला होता. त्याचें तोंड शेजारच्या घराकडे होतें, व त्या घरांत एक गृहस्थ शेवटच्या दुखण्यानें पडून होते. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत तबकड्या वाजल्या. तक्रार कोणीं केली नाहीं. मंगलकार्यांत कोण करणार? चौथ्या दिवशीं ते वारले. तेव्हां जुना काळ सोज्ज्वळ व आजचा तेवढा कर्कश, असें म्हणण्याचा अधिकार निदान आम्हांस नाहीं.

आजचें प्रमाण मात्र भयंकर वाढलें आहे. दहापट शक्ति खर्चिली तरी कानास आवाज सुमारें दुप्पटच वाटतो. तरीहि मिरवणुकींतील गाड्यांवर हजारों वॅटांच्या भिंती रचल्या जातात. २००० सालच्या नियमांनीं रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास सामान्यतः मनाई केली, व वस्तीच्या भागास दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली. नियम आवश्यक आहेत. पण नियम घड्याळ पाहतो, शेजारच्या खाटेवर कोण निजलें आहे हें पाहत नाहीं.

कोणी म्हणेल, आनंद दहा जणांस कळला नाहीं तर तो आनंद कसला? हें आम्हांस मान्य आहे. पण मांडवांत आलेल्यानें आपला कान आपण होऊन दिलेला असतो. घरीं निजलेल्याचा तो न विचारतां घेतला जातो. डोळ्यांस पापण्या आहेत, कानांस नाहींत. म्हणून ऐकविणारावर दाखविणाराहून अधिक मोठें ऋण आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशीं आमचे आप्त दोन्ही बाजूंच्या घरीं जाऊन विचारून आले. एका घरीं बाळंतीण होती. कर्ण्याचें तोंड शेताकडे फिरविलें, व दुसरा कर्णा बांधलाच नाहीं. वधूच्या आजीनें, जिचा आवाज एरवीं खोलीबाहेर जात नसे, नातीस चार शब्द आशीर्वादाचे सांगितले. ते मांडवाच्या शेवटच्या टोंकास स्पष्ट ऐकूं आले. यंत्र तेंच कीं दुसरें, हें त्या वेळीं कोणास विचारावेंसें वाटलें नाहीं.

पेटी पुन्हां माळ्यावर चढविण्यापूर्वीं आम्हीं कारागिराच्या कागदावर खालीं एक ओळ वाढविली: वाजविण्याआधीं शेजारीं विचारून यावें.