मलवाहिनीच्या माथ्यावर

थोडा वेळ स्वस्थ बसा. श्वास आपल्या लयीत चालू द्या. आता मन जमिनीखाली न्या, शहराचं मैलापाणी वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या वाहिनीत.

प्रवाह संथ आहे. तळाच्या गाळात प्राणवायू नाही. तिथले जीवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. वायू वर चढतो. त्याच्यामागून तुमचं लक्षही वर जाऊ द्या, वाहिनीच्या माथ्यापर्यंत. तिथे ओल आहे, हवा आहे आणि वेगळ्या जातीचे जीवाणू आहेत. ते या वायूचं सल्फ्युरिक आम्ल करतात. पीएच २च्या आसपास उतरतो. म्हणून ही वाहिनी पाण्याखाली कमी आणि माथ्याला जास्त झिजते.

इथे थांबा. त्या ओल्या माथ्याकडे पाहत राहा.

पोर्टलँड सिमेंट पाण्यात मुरलं की त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुना, तयार होतं. आम्लाशी गाठ पडली की त्याचं जिप्सम होतं: पांढरट, लिबलिबीत, नखाने खरवडून निघेल असं. थर गळतो, आतला चुना उघडा पडतो, पुन्हा तेच.

आता दुसरी वाहिनी डोळ्यांसमोर आणा, जिओपॉलिमर काँक्रीटची. हिच्यात पोर्टलँड सिमेंट नाही. औष्णिक वीज केंद्रातली कमी चुन्याची राख, सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम सिलिकेट. जिओपॉलिमर हे नाव जोसेफ दाविदोविट्स यांनी १९७०च्या दशकात दिलं. अल्कलीने बंध घडवण्याचं काम कीव्हमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी १९५०च्या दशकातच हाती घेतलं होतं. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम ऑक्सिजनने जोडले जाऊन तिन्ही दिशांना जाळं विणतात. चुनाच मोजका, मग जिप्सम होणार कशाचं?

मात्र हे जाळं अभेद्य नाही. हेही शांतपणे पाहा. आम्ल आधी सोडियम बाहेर काढतं, मग ॲल्युमिनियम. सिलिकाचा सांगाडा जागेवर उरतो. वजन फारसं घटत नाही, ताकद घटते. म्हणून नुसत्या वजनावरून दिलेला टिकाऊपणाचा दाखला मला मान्य नाही. मिश्रण सच्छिद्र राहिलं, क्युरिंग कच्चं राहिलं, तर आम्ल अधिक खोल शिरतं.

शेवटी त्या वायूकडे परत या. काँक्रीट पोखरणारा हाच वायू मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाचा जीव घेतो. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं उतरवली जातात, मरतात. वाहिनी खचली की तुंबते, आणि तुंबली की कुणाला तरी खाली धाडलं जातं. टिकाऊपणाचा प्रश्न माझ्यासाठी त्या माणसाचा आहे.

तुमच्या गावात मलवाहिनीचं काम निघालं, तर नगरपालिकेत जाऊन एवढं विचारा: काँक्रीट आम्लात किती दिवस ठेवून तपासलं, आणि नंतर त्याची ताकद मोजली का?