हक्क आणि हातोटी

एखादी वस्तु आपली आहे असें आपण केव्हां म्हणावें? पैसे मोजून ती घरीं आणली म्हणजे, असें व्यवहार सांगतो. ती कायद्यानें आपल्या नांवें झाली म्हणजे, असें न्यायालय सांगेल. आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. घडविणाऱ्यानें पाठ फिरविल्यावरहि जी आपणांस चालती ठेवतां येते, ती वस्तु खऱ्या अर्थानें आपली. या प्रश्नाचा विचार एका संगीत-सर्व्हरच्या उदाहरणानें करावा असें आम्हांस वाटतें.

संगीत-सर्व्हर म्हणजे घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर सांठविलेलीं गाणीं तेथल्याच ध्वनियंत्रांस पुरविणारी प्रणाली. इंटरनेट गेलें तरी तिचें काम थांबत नाहीं. आणि भामरागड-एटापल्लीकडे तें किती वेळां जातें हें तिकडील रहिवाशांस सांगावयास नको. झाडीपट्टीच्या नाटकांतील पदें, दंडारीचीं गाणीं, माडिया लोकांचीं रेला-गीतें यांचीं ध्वनिमुद्रणें जेथल्या तेथें ऐकावयाचीं असतील तर असेंच साधन हवें. यांपैकीं एक प्रसिद्ध प्रणाली 'स्क्वीझबॉक्स' या वादनयंत्रासाठीं निर्माण झाली. लॉजिटेक कंपनीनें 2012 सालीं तीं यंत्रें बंद केलीं. एरवीं त्यांच्याबरोबर प्रणालीहि लयास जाती. परंतु तिचा मूळ पाठ, ज्यास सोर्स म्हणतात, तो जी. पी. एल. परवान्याखालीं सर्वांस खुला होता. वापरणाऱ्यांनीं ती नेटानें पुढें चालविली, आणि 2024 पासून ती 'लिरियन म्यूझिक सर्व्हर' या नांवानें ओळखली जाते.

तथापि पाठ खुला असणें आणि प्रणाली चालणें यांत बरेंच अंतर आहे. हिचा पुष्कळसा भाग 'पर्ल' भाषेंत असल्यामुळें कोणत्याहि लिनक्सवर जसाच्या तसा चालतो. कांहीं भाग मात्र सी भाषेंत आहेत: गाण्याच्या फाइलींतून गायकाचें नांव वाचणारा, मुखपृष्ठाचें चित्र लहान करणारा, सूची सांठविणारा. हे प्रत्येक जातीच्या यंत्रासाठीं आणि पर्लच्या प्रत्येक आवृत्तीसाठीं निराळे घडवावे लागतात. प्रचलित यंत्रांसाठीं ते तयार मिळतात. ज्याचें लिनक्स त्या यादींत बसत नाहीं, त्यानें मूळ पाठ आणावा, कंपायलर बसवावा, लागतील त्या लायब्रऱ्या जुळवाव्या, आणि बांधणी अडली कीं ती कोठें अडली हें वाचून पुन्हां आरंभ करावा. हक्क त्याला पहिल्या दिवशींच होता. हातोटी कष्टानें येते.

आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत, धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवाची कथा याहून निराळी नाहीं. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वयें 2009 सालीं या गांवास सुमारें 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू तोडून बाहेर विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना लागे, आणि तो वनखात्याच्या हातीं असे. एप्रिल 2011 मध्यें केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितींत परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें. पुढें कोणता बांबू तोडावा, किती राखावा, हिशेब कसा ठेवावा हें सारें गांवास पाहावें लागलें. ग्रामसभेच्या जोडीस अभ्यासगट चालविण्याची या गांवाची रीत जुनीच होती. कायद्याचा कागद हा जणूं मूळ पाठ. आपल्या मातीवर त्याची बांधणी करण्याचें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें.

कोणी म्हणेल, नवें यंत्र विकत घेतल्यास हा खटाटोप कशाला? ज्याच्यापाशीं पैसा आहे त्याच्यापुरता हा आक्षेप खरा. परंतु धडधाकट यंत्र टाकून द्यावें कीं नाहीं, हा निर्णय तो दुसऱ्याच्या हातीं सोंपवितो हें त्यानें विसरूं नये. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: प्रत्येकानें कारागीर व्हावें काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. गांवांत घरटीं सुतार नसतो. पण सबंध गांवांत एकहि सुतार नसेल, तर मोडलेल्या नांगरासाठीं पेरणी खोळंबते. हातोटी प्रत्येकापाशीं नसली तरी चालेल. ती समाजांत कोठें तरी असली पाहिजे.

अशी बांधणी साधणारानें स्वतःस स्वावलंबी म्हणवून घेऊं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. त्यानें जुळविलेल्या लायब्रऱ्या अनोळखी माणसांनीं लिहून ठेवलेल्या असतात. त्यांचें ऋण त्याच्यावर आहे. जी. पी. एल. परवाना असें बंधन घालतो कीं, प्रणाली दुसऱ्यास दिल्यास तिचा पाठहि द्यावा. आपण कोठें अडलों आणि कोणत्या क्रमानें सुटलों, हें लिहून ठेवण्याची सक्ति तो करीत नाहीं. तें आपलें आपण करावयाचें, आणि आपल्या भाषेंत करावयाचें. उद्यां अहेरीच्या एखाद्या विद्यार्थ्यानें जुन्या संगणकावर हेंच काम हातीं घेतलें, तर त्या टिपणानें त्याचे दोन दिवस वांचतील.