न विचारता रोखलेली नजर

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांस शिकविले गेले की परमेश्वर सर्व काही पाहतो. बंद खोलीत पाहतो, अंधारातही पाहतो. त्या विचाराने थोडी भीती वाटे, आणि आंब्याच्या दिवसांत शेजारच्या वाडीत शिरताना तर अंमळ अधिकच वाटे. पुढे कामधंद्याच्या जगात आणखी एक नजर भेटली, छतावरून पाहणारी. पहिल्या नजरेपुढे आपण गुडघे टेकतो. मग दुसरीचा राग का यावा? ज्याला चोरी करावयाची नाही त्याने भ्यावे कशाला, असे मालकवर्ग विचारतो. हा प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही.

स्पेनमध्ये बार्सिलोनानजीकच्या एका सुपरमार्केटच्या व्यवस्थापकास २००९ साली शिल्लक माल आणि विक्री यांचा मेळ बसेना. पाच महिन्यांत तूट ८२,००० युरोंच्या वर गेली. जून महिन्यात कॅमेरे बसविण्यात आले. काही उघड होते, ये-जा करण्याच्या दारांवर रोखलेले. काही छुपे होते, गल्ल्यावर बसणाऱ्यांवर रोखलेले. उघड कॅमेऱ्यांची सूचना दिली गेली. छुप्या कॅमेऱ्यांविषयी कर्मचाऱ्यांना नाही आणि त्यांच्या समितीलाही नाही, कोणालाच अवाक्षर कळविले गेले नाही. दहा दिवसांत चोरी पकडली गेली. काही कर्मचारी ग्राहकांना व सहकाऱ्यांना पैसे न घेताच माल नेऊ देत होते. १४ जणांना कामावरून काढण्यात आले.

त्यांपैकी पाच जणींनी स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली. जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्या खासगी जीवनाचा भंग झाल्याचे न्यायालयाने मान्य केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मोठ्या खंडपीठाने १४ विरुद्ध ३ अशा मतांनी तो निर्णय फिरविला. संशयाला आधार होता, हानी मोठी होती, चित्रण थोडेच दिवस चालले आणि गल्ल्याची जागा मुळातच चारचौघांच्या नजरेतली, अशी कारणे देण्यात आली. मात्र किरकोळ संशयावरून छुपा कॅमेरा लावण्याची मोकळीक नाही, हेही न्यायालयाने बजावले.

त्या १४ न्यायाधीशांशी आम्हांस वाद घालावयाचा नाही. चोरी ही चोरीच, आणि सातवी आज्ञा परिस्थिती पाहून बदलत नाही. आमचे मन अडखळते ते निराळ्याच ठिकाणी. त्या दहा दिवसांत गल्ल्यावर ज्यांनी प्रामाणिकपणे हिशेब केला, त्यांच्यावरही तीच नजर रोखलेली होती. चोरांना निदान आपल्या कृत्याचे फळ मिळाले. निरपराध्यांना काय मिळाले? आपल्यावर संशय होता, ही मागाहून कळलेली बातमी.

कामगारांना आधी विचारले असते तर चोर सावध झाले असते, असे यावर कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण विचारणे म्हणजे दवंडी पिटणे नव्हे. जर्मनीत १९७२ च्या कायद्यानुसार, जेथे कामगारांनी निवडलेली परिषद आहे तेथे, तिच्या संमतीवाचून कामगारांवर नजर ठेवणारे यंत्र बसविता येत नाही. कॅमेरा कोठे लावावा, किती दिवस ठेवावा, चित्रण कोणी पाहावे आणि केव्हा पुसावे, हे दोन्ही पक्षांनी ठरवावयाचे. एक विश्वासू प्रतिनिधी गुपित राखू शकतो. बार्सिलोनाच्या त्या दुकानात कामगार संघटनेच्या प्रतिनिधीला चित्रण दाखविले गेले, पण सारे उरकल्यावर! कामगार हा कामाचा कर्ता आहे, साधन नव्हे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' या विश्वपत्रात आग्रहाने मांडले. साधनाला कोणी विचारत नाही. कर्त्याला विचारावे लागते.

पुन्हा त्या पहिल्या नजरेकडे येऊ. ती छुपी नाही. आपल्याला ती सातव्या-आठव्या वर्षीच सांगून ठेवलेली असते. शिवाय एदेन बागेतला प्रसंग पाहावा. फळ कोणी खाल्ले हे परमेश्वराला ठाऊक होते, तरी झाडांआड लपलेल्या आदामाला त्याने आधी हाक मारली, तू कोठे आहेस म्हणून विचारले आणि उत्तर द्यावयास अवसर दिला. शिक्षा त्यानंतरची. सर्वज्ञ असूनही जो विचारतो, त्याची बरोबरी छतावरचे यंत्र कशी करणार?

येथवर लिहून लेखणी ठेवता आली असती. परंतु आमच्याच घरी, आजारी आईच्या सेवेस एक बाई येऊ लागल्या तेव्हा, कपाटावर पुस्तकांच्या आड आम्ही एक लहानसा कॅमेरा ठेवला होता. शेजारी एक-दोन वाईट गोष्टी ऐकल्या होत्या, एवढेच कारण. बाईंना सांगितले नाही. तीन आठवडे आम्ही रोज रात्री ते चित्रण पाहिले. त्या आईला भरवीत, कूस बदलीत, मध्येच पाय पसरून भिंतीला टेकत, एकदा आमच्याविषयी स्वतःशीच काही पुटपुटल्या. ते रास्तच होते. चौथ्या आठवड्यात आम्ही कॅमेरा काढून ठेवला.

आई गेल्याला आता दोन वर्षे झाली. बाई अजूनही नाताळात करंज्या घेऊन येतात आणि त्याच खोलीत, त्याच कपाटासमोर बसतात. आम्ही त्यांना अद्याप सांगितलेले नाही.