पक्षाविना राजकारण: एका चेक कल्पनेचा प्रवास

साम्यवादी चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट पक्षाखेरीज दुसरे पक्षच नव्हते असे नाही. लोकपक्ष आणि समाजवादी पक्ष कागदोपत्री शाबूत होते, परंतु ‘राष्ट्रीय आघाडी’ या छत्राखाली कम्युनिस्टांचे नेतृत्व मान्य करूनच त्यांना जगता येई. मतदाराच्या हाती आघाडीने आधीच ठरवलेल्या उमेदवारांच्या चिठ्ठ्या पडत आणि त्या तशाच मतपेटीत टाकणे अपेक्षित असे. मतदानकेंद्रात आडोसा असे. मात्र त्यामागे जाणाऱ्याला एखादे नाव खोडायचे असावे असा संशय येत असल्यामुळे, गुप्त मतदानासाठी उभारलेला तो पडदाच मतदाराला उघडा पाडत असे.

अशा अनुभवातून पक्षांविषयी बसलेल्या अढीला पुढे विचाराची बैठक मिळाली. जानेवारी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सनद ७७’ या नागरी हक्कांच्या जाहीरनाम्याने आपण संघटना नाही, आपल्याला नियमावली नाही, असे स्पष्ट केले. त्यात कायद्याच्या कचाट्यातून सुटण्याची सावधगिरी होती, पण तेवढीच नव्हती. सनदेचे एक प्रवर्तक वात्स्लाव हावेल यांनी पुढच्याच वर्षी लिहिलेल्या निबंधात पाश्चात्त्य लोकशाहीतल्या अवाढव्य पक्षयंत्रणांविषयीही तितकाच गंभीर अविश्वास व्यक्त केला.

नोव्हेंबर १९८९ मध्ये प्रागच्या एका नाट्यगृहात स्थापन झालेला ‘नागरी मंच’ हे या विचाराचेच अपत्य होते. पक्ष पक्षवाल्यांसाठी असतात, मंच मात्र सर्वांसाठी आहे, अशी त्याची घोषणा होती आणि जून १९९० मध्ये सुमारे ९६ टक्के मतदारांनी मतदान केले तेव्हा चेक भागातली जवळपास निम्मी मते मंचाला मिळाली. परंतु सरकारी उद्योगांचे खासगीकरण किती वेगाने करावे, हा प्रश्न समोर येताच ‘सर्वांचा’ मंच एका बाजूने उभा राहू शकेना. त्याचे अध्यक्ष झालेल्या वात्स्लाव क्लाऊस यांनी शिस्तबद्ध पक्षाचा आग्रह धरला, १९९१ मध्ये मंच फुटला आणि ज्या ‘नागरी चळवळी’त अनेक जुने बंडखोर विचारवंत राहिले, तिला १९९२ मध्ये संसदप्रवेशासाठी आवश्यक असलेली किमान पाच टक्के मतेही मिळाली नाहीत. क्लाऊस यांचे आर्थिक धोरण कोणाला पटो न पटो, जाब कोणाला विचारायचा हे मतदाराला कळले पाहिजे, हा त्यांच्या आग्रहातला गाभा मान्य करावाच लागतो.

दुर्दैवाने तोच गाभा १९९८ मध्ये पोखरला गेला. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेल्या क्लाऊस यांच्या पक्षाने आणि समाजवादी लोकशाही पक्षाने ‘विरोधी पक्ष करार’ करून पहिल्याने दुसऱ्याचे अल्पमतातले सरकार तगवले आणि त्या मोबदल्यात महत्त्वाची पदे घेतली. मतदानाचे प्रमाण १९९८ मधील सुमारे ७४ टक्क्यांवरून २००२ मध्ये ५८ टक्क्यांवर घसरले.

ही पोकळी भरली उद्योगपती आंद्रेय बाबिश यांच्या ‘आनो’ या चळवळीने. आपण राजकारण्यांसारखे नाही, आपण राबतो, असे सांगत तिने २०१७ ची निवडणूक जिंकली. पक्षांवरचा अविश्वास जुनाच होता. परंतु सनदेने नियमावली नाकारली ती कोणाचीही हुकमत नको म्हणून, तर इथे मोजक्या सदस्यांच्या चळवळीची सूत्रे संस्थापकाच्याच हाती एकवटली. २०२१ मध्ये बाबिश यांचा पराभव झाला खरा, पण त्याच निवडणुकीत गावोगावी जुन्या शाखा असलेले समाजवादी लोकशाही आणि कम्युनिस्ट हे दोन्ही पक्ष पाच टक्क्यांच्या खाली गेले आणि सुमारे एक कोटी लोकवस्तीच्या देशात दहा लाखांहून अधिक मतांना संसदेत प्रतिनिधीच उरला नाही.