मोकळी जमीन कोणाची?

रत्नागिरीहून दक्षिणेस राजापूर तालुक्यातील कशेळीकडे जाताना खाडीकाठची माडापोफळींची सावली मागे टाकून घाटी चढून वर आले, म्हणजे एकाएकी सर्व आडोसे नाहीसे होतात. जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार, त्यावरून अडथळ्यावाचून वाहणारा वारा, आणि पश्चिमेस जेथे कातळ संपतो तेथे खाली समुद्र. या पठारास कोकणात सडा म्हणतात. वैशाखात त्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. आणि तोच सडा श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांच्या निळ्याजांभळ्या फुलांनी व गेंदाच्या पांढऱ्या बोंडांनी असा झाकून जातो की, पाऊल कोठे ठेवावे हा निराळाच प्रश्न पडतो.

सातबाऱ्यावर अशा कातळाची नोंद बहुधा ‘पोटखराबा’ या सदरात आढळते. नांगर चालत नाही, म्हणून जमीन खराब! महसुलाच्या हिशेबास हा शब्द ठीक असेल. परंतु शब्द दप्तरातून मनात उतरतात. एकदा खराब म्हटलेल्या वस्तूचे काही झाले तरी नुकसान झाले असे कोणास वाटत नाही. जे रिकामे आहे ते भरून काढणे म्हणजे सुधारणा, अशी आपली समजूत होऊन बसते.

वस्तुतः सडा रिकामा नाही. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यात मुरते आणि पायथ्याच्या झऱ्यांतून व विहिरींतून प्रकट होते. खोलगट भागांतील वीतभर मातीत अशी रोपे जगतात की, जमिनीत नत्र अपुरे म्हणून ती कीटक धरून आपली गरज भागवितात. याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी आकृती कोरल्या आहेत. कशेळीस सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती असून त्याच्या देहात इतर अनेक प्राणी रेखाटलेले आहेत. कोकणातील कातळशिल्पांत गेंडाही दिसतो; तो या भूमीवरून केव्हाच नाहीसा झाला, दगडावर मात्र राहिला. 2022 साली ही कातळशिल्पे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ज्या भूमीला आपण खराब म्हटले, तिच्यावर सबंध मानवजातीचा हक्क असल्याचे जगाने सुचविले!

येथपर्यंत वाचकांची संमती मिळण्यास अडचण पडू नये. सुंदर वस्तू राखावी, हे कोणास अमान्य आहे? खरा प्रश्न पुढेच आहे. आणि तो माझ्यापुढे ग्रंथातून न येता घरातून आला.

अशाच एका सड्यावर आमची सामाईक जमीन आहे. दोन वर्षांपूर्वी चिरेखाणीसाठी ती मागावयास एक गृहस्थ आले. मी पुण्याहून कळविले की, विकू नये. गावी राहणारे माझे धाकटे चुलतबंधू सहसा उलट बोलत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, “दादा, तुम्ही गणपतीला चार दिवस येता, फुले पाहता आणि जाता. घराचे छप्पर गळते ते आमच्या अंगावर. मुलीच्या कॉलेजची फी भरायची ती आम्ही. तुमची फुले राखायची कोणाच्या पैशाने?”

मला उत्तर सुचले नाही. माझ्या सौंदर्यप्रेमाची किंमत दुसराच कोणी देत होता, आणि मी त्या प्रेमाचा अभिमान बाळगीत होतो! शिवाय ज्या घरात बसून मी हे पत्र लिहिले ते कोणा एका काळी मोकळ्या असलेल्या जमिनीवरच उभे आहे. आणि ज्या हापूसची मी चैत्रापासून वाट पाहतो, त्याच्या किती तरी बागा सुरुंगाने कातळ फोडून, बाहेरून माती आणून उभ्या केलेल्या आहेत. भोग सर्वांचा आणि त्याग तेवढा कोकणातल्या गरिबाचा, या व्यवस्थेस निसर्गप्रेम म्हणणे ढोंगाचे आहे.

तथापि एवढ्यावरून मालकास वाटेल ते करण्याची मोकळीक आहे, असे ठरते काय? मला तसे वाटत नाही. मालकीचे प्रकार आहेत. झाड तोडले तर पुन्हा लावता येते. घर पाडले तर बांधता येते. खाणीतून काढलेला चिरा मात्र परत कातळ होत नाही, आणि त्याबरोबर गेलेली आकृती पुन्हा कोरता येत नाही. शिवाय वरचा कातळ माझा असला, तरी खालच्या वाडीची विहीर माझी नाही. जे एकदाच मोडता येते, त्याचा आपण उपभोग घ्यावा, विल्हेवाट लावू नये. महात्मा गांधींनी धनिकांपुढे मांडलेली विश्वस्तपणाची कल्पना अशा जमिनीस धनाहूनही अधिक लागू पडते; कारण धन पुन्हा मिळविता येते.

कायद्याने काही प्रमाणात हे ओळखले आहे. 1991 च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या किनाऱ्यावर बांधकामास निर्बंध घातले. 2011 व 2019 साली ती नव्याने काढण्यात आली, आणि काही ठिकाणी ते निर्बंध सैलही झाले. परंतु सडा त्या रेषेच्या आत कित्येक मैल पसरलेला आहे. आणि केवळ कायद्याने राखलेली वस्तू, कायदा बदलण्याच्या भीतीत दिवस काढते.

राखण्याचा दुसरा शत्रू आपण प्रेक्षकच आहोत. साताऱ्याजवळील कासच्या पठाराची ख्याती झाली, आणि तेथे येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. फुलाचे चित्र घेण्यासाठी फुलांवर उभा राहणारा मनुष्य खाणवाल्याहून सभ्य असेल. पायाखालच्या रोपास तो भेद कळत नाही. आनंद घेण्याचा अधिकार मागणाऱ्याने आपले ओझेही मोजले पाहिजे.

म्हणून मला एकच सूत्र दिसते: ज्याला वस्तू राहावी असे वाटते, त्याने ती राखण्याचा भार उचलावा. भार कोणी, किती, हे ऐपतीप्रमाणे ठरेल. पण शून्य कोणाचाच असू नये. आमच्या घरी पुढे असे ठरले की, छपराचा खर्च व मुलीची फी शहरातल्या आम्ही तिघा भावंडांनी वाटून द्यावी आणि सडा तसाच ठेवावा. यात कोणी उपकार केला असे नाही. इतकी वर्षे फुकट घेतलेल्या वस्तूचे मोल द्यावयास आम्ही उशिरा आरंभ केला, इतकेच. पुढच्या पिढीने हा करार पाळावा असा हट्ट आम्हांस धरता येणार नाही.

गेल्या भाद्रपदात मी पुन्हा सड्यावर गेलो. चुलतबंधू बरोबर होते. ते पुढे चालत होते, आणि फुलांच्या दाटीतून उघडा कातळ शोधून नेमके त्यावरच पाऊल टाकीत होते. फुलांविषयी ते कधी बोलले नाहीत. मी त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवीत समुद्रापर्यंत गेलो.